वीट की गिलावा

समजा, हे काम आज तुम्हाला करायचं आहे. समोर तीन मजले उंच विटांची भिंत आहे. तिच्यावर डोक्याच्या उंचीपासून वर चढत गेलेली एक भेग आहे, करंगळीचं नख जाईल एवढी. तुमच्या हातात काचेची पट्टी आहे, वीतभर लांब आणि बोटभर रुंद. पट्टी भेगेवर आडवी धरायची, दोन्ही टोकांना कालवलेल्या प्लास्टरचा एकेक गोळा दाबायचा, काचेवर तारीख लिहायची आणि निघून जायचं. सात दिवसांनी परत यायचं. काच तुटली असेल तर भेग जिवंत आहे, म्हणजे भिंत हलते आहे. काच शाबूत असेल तर भेग मेलेली. मेलेली भेग चांगली आणि जिवंत भेग वाईट. या कामातली भाषा अशी उफराटीच आहे.

त्यानंतर कार्यालयात बसून अहवालात एक शब्द लिहायचा, किंवा लिहायचा नाही. ते तुम्हीच ठरवायचं.

आमच्या नगरपरिषदेत हे काम एकतीस वर्षं एकाच माणसानं केलं. त्यांना सगळे काचवाले काका म्हणायचे. मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांच्या नोकरीचं एकच वर्ष उरलं होतं आणि त्यांच्या हाताखाली शिकायला मला पाठवलं होतं. बुटके, किंचित पोक काढून चालणारे, खिशात नेहमी खडू आणि छोटी हातोडी. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. काकू, म्हणजे त्यांची पत्नी, शाळेत गणित शिकवायच्या. त्या सांगायच्या, हे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. छतात दोष सापडला, माझ्यात नाही, म्हणून जमलं.

पहिल्याच आठवड्यात काकांनी मला कायद्याचं पुस्तक दाखवलं. पानं हाताळून मऊ झालेली. नगरपरिषदेनं काय केलंच पाहिजे आणि काय केलं तर चालेल, याच्या त्यात दोन वेगळ्या याद्या आहेत. धोकादायक बांधकामाच्या कलमातही हाच भेद आहे. भिंत नुसती ‘धोकादायक’ असेल तर मालकाला नोटीस द्यायची. त्यानं काही केलं नाही तर नगरपरिषद ती पाडू शकेल, टेकू देऊ शकेल. पण अहवालात ‘तात्काळ धोकादायक’ असं लिहिलं, तर नगरपरिषद त्याच दिवशी खालची माणसं हलवील, कुंपण घालील, टेकू देईल. तिथे कुणाला विचारायचं नाही, सभा घ्यायची नाही.

काका म्हणाले, “‘शकेल’ हा सोफा आहे. त्यावर अख्खी समिती ऐसपैस बसते. ‘करील’ म्हटलं की उठावं लागतं. आणि त्यांना उठवायचं की बसू द्यायचं, ते आपल्या एका शब्दावर आहे.”

मला हे फार आवडलं होतं. कॉलेजात भार आणि ताण शिकलो होतो, पण व्याकरणावर भिंत उभी राहते हे कुणी शिकवलं नव्हतं. मी हसलो. काका हसले नाहीत. ते का हसले नाहीत ते मला पुढे थोडं थोडं करून कळलं; काही त्यांनी सांगितलं, काही काकूंनी, काही जुन्या फायलींनी.

मी येण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बंद पडलेला छापखाना होता. मालक दोघं भाऊ, दोघांचं कोर्टात भांडण, त्यामुळे इमारतीला कुणी वाली नव्हता. तिची गल्लीकडची भिंत मधोमध फुगली होती, पोट सुटल्यासारखी. त्या भिंतीला लागून पत्र्याच्या आडोशाखाली एक बाई शिवणयंत्र घेऊन बसायच्या. गल्लीत त्यांना शिवणताई म्हणायचे. पलीकडे एक चांभार बसायचा. बस, तेवढीच वस्ती त्या भिंतीखाली.

शिवणताई काकांना ओळखत होत्या. काकांच्या विजारी गुडघ्यावर झिजायच्या, कारण त्यांचं निम्मं काम जमिनीवर टेकून चालायचं, आणि त्या विजारींना ठिगळं शिवणताईच लावायच्या. तोंडाच्या फटकळ होत्या. भाऊ, तुम्ही जन्मभर भेगा मोजल्या, एकतरी शिवलीत का, असं त्या भर गल्लीत विचारायच्या. काका म्हणायचे, शिवणं मालकाचं काम, आमचं काम नोटीस देण्याचं. त्यावर ताई म्हणायच्या, मग मीही उद्यापासून फाटलेल्या कपड्यांना नोटीसच देते.

त्या सोमवारी काका छापखान्याच्या भेगेवर काच लावायला गेले. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. काच भिंतीला लावायची तर आधी गिलावा, म्हणजे विटांवरचा चुन्या-सिमेंटचा थर, खरवडून काढावा लागतो आणि काच थेट विटेवर बसवावी लागते. जुना गिलावा आतून विटेपासून सुटलेला असू शकतो. मग आत विटा सरकत राहतात आणि वरचा थर जागच्या जागी थांबतो. काका हे आम्हाला शिकवायचे, आणि स्वतः कधी चुकायचे नाहीत.

पण त्या दिवशी शिवणताईंच्या यंत्राभोवती शाळेच्या गणवेशांचे ढीग होते. पांढरे सदरे, चाळीस की बेचाळीस. मंगळवारी संध्याकाळी शाळेत पोचवायचे होते. काकांनी छिन्नी काढली तशा ताई उठून मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भाऊ, धूळ उडाली तर माझा महिना गेला. आजच्या दिवस असंच लावा. बुधवारी माझं सगळं रिकामं असेल, तेव्हा या आणि हवी तेवढी भिंत सोला.

काकांनी छिन्नी परत ठेवली. मग त्यांनी गिलाव्यावरच काच लावली, त्यावर तारीख लिहिली आणि बुधवारी येतो म्हणाले. त्यांना वाटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट मात्र गल्लीत घडली नाही, ती सकाळीच कार्यालयात घडून गेली होती. काचेची एक नोंदवही असते. तिच्यात ठिकाण, तारीख, भेगेची रुंदी असे रकाने असतात आणि त्यातला एक रकाना असतो ‘पाया’: वीट की गिलावा. काका सकाळी निघण्याआधीच काही रकाने भरून ठेवायचे, म्हणजे उन्हात उभं राहून लिहावं लागत नाही. पायाच्या रकान्यात त्यांनी गेली अठ्ठावीस वर्षं ‘वीट’ हाच शब्द लिहिला होता. त्या सकाळीही तोच लिहिला. संध्याकाळी वही कपाटात गेली.

बुधवारी काका गेले नाहीत.

पुढच्या सोमवारी, सात दिवस भरल्यावर, ते नोंदवही घेऊन गल्लीत गेले. काच शाबूत होती. वहीत ‘वीट’ लिहिलेलं होतं, आपल्याच अक्षरात. माणूस स्वतःच्या अक्षरावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. काकांनी भेग पाहिली, फुगवटा पाहिला, मन थोडं कचरलं, पण काच सांगत होती की भेग मेलेली आहे. शिवणताई त्या दिवशी आडोशाखाली नव्हत्या, धागा आणायला गेल्या होत्या. असत्या तर म्हणाल्या असत्या, भाऊ, तुमचा बुधवार कुठल्या महिन्यातला? आणि सगळं लक्षात आलं असतं. काकांनी हे मला तीन वेळा तरी सांगितलं असेल. तिन्ही वेळा तेच वाक्य, तेवढंच.

अहवालात त्यांनी ‘धोकादायक’ लिहिलं. ‘तात्काळ’ लिहिलं नाही.

गुरुवारी समिती बसली. मालक दोघं भांडतात, तेव्हा दोघांचीही बाजू ऐकून घ्यावी आणि विषय पुढच्या सभेत आणावा, असं ठरलं. इतिवृत्तात साडेतीन ओळी आहेत. मी वाचल्या आहेत. त्यात कायद्याच्या दृष्टीनं काहीही चूक नाही. पाडू शकेल, म्हणजे न पाडूही शकेल.

शनिवारी दुपारी साडेतीनला भिंत पडली. चांभार पाणी प्यायला कोपऱ्यावर गेला होता, तो वाचला.

काका पोचले तेव्हा अग्निशमन दलाचे लोक विटा बाजूला करत होते. काका त्यांच्यात शिरले. कुणी अडवलं नाही, सगळे ओळखत होते. सगळ्या विटा वेगळ्या झाल्या होत्या, पण गिलाव्याचं एक मोठं खपलं, परातीएवढं, अखंड पडलं होतं. त्यावर काच होती. तारीख होती. काचेला साधा ओरखडासुद्धा नव्हता. काका ते खपलं मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसून राहिले. काकू रिक्षा करून आल्या आणि त्यांना उठवून घेऊन गेल्या. खपलंही बरोबर नेलं. रिक्षावाल्यानं विचारलं, हे काय आहे, तर काकू म्हणाल्या, चुकलेलं गणित आहे.

चौकशी झाली. बाहेरून एक अधिकारी आले होते, भले गृहस्थ होते म्हणतात. त्यांनी काकांना तेरा प्रश्न विचारले. ती प्रश्नोत्तरं फायलीत टंकलेली आहेत. काच कधी लावली, कधी पाहिली, रुंदी किती, अहवाल मुदतीत दिला का. काकांनी ते खपलं कापडात गुंडाळून नेलं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्यांनी वाकून पाहिलं आणि लिहिलं: निरीक्षण पट्टी अभंग स्थितीत सादर करण्यात आली, सबब निरीक्षकाचा निष्कर्ष उपलब्ध पुराव्याशी सुसंगत होता.

काकांनी तोंड उघडलं. शेजारी नगरपरिषदेच्या वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “विचारलंय तेवढंच सांगा.”

चौदावा प्रश्न कुणी विचारला नाही. काच कशावर लावली होती, हे टेबलावर सगळ्यांच्या समोर पडलेलं होतं आणि नोंदवहीत ‘वीट’ लिहिलेलं होतं. सगळ्यांनी नोंदवही वाचली.

काका निर्दोष सुटले. समिती सुटली. मालकांवर खटला चालू झाला, तो अजून चालूच आहे. काकांनी मात्र एक अर्ज केला की नोंदवहीतला अमुक पानावरचा ‘वीट’ हा शब्द चुकीचा आहे, तिथे ‘गिलावा’ अशी दुरुस्ती करावी. त्याला महिन्याभरानं उत्तर आलं. बंद झालेल्या प्रकरणातली नोंद बदलण्याचा अधिकार या कार्यालयास नाही. काकांनी ते उत्तर कायद्याच्या पुस्तकात ठेवलं, धोकादायक बांधकामाच्या पानावर. एका शिपायानं त्यांना म्हटलं म्हणे, काका, लोक निर्दोष सुटायला देव पाण्यात ठेवतात आणि तुम्ही सुटल्यावर परत आत जायला धडपडताय.

शिवणताईंना एक मुलगी. ती रक्त तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. चौकशीनंतर चार महिन्यांनी ती अहवालाची प्रत मागायला कार्यालयात आली. प्रत तिला खालच्या खिडकीवर मिळाली असती, पण तिनं काचवाले काका कोण म्हणून विचारलं आणि वर आली. त्या खोलीत तीन टेबलं आहेत. बाकीचे दोघं काहीतरी निमित्त काढून बाहेर गेले.

काकांनी तिला खुर्ची दिली. तिनं विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, काच गिलाव्यावर लावली होती, विटेवर नाही. म्हणून ती तुटली नाही. म्हणून मी तो शब्द लिहिला नाही. लिहिला असता तर तुझ्या आईला त्याच दिवशी तिथून उठवलं असतं. चार महिने त्यांना हे एवढंच सांगायचं होतं.

मुलीनं शांतपणे ऐकलं. रोज मोजमापं करणारी मुलगी होती, तिला नमुना चुकीच्या जागेवरून घेतला की काय होतं हे समजावून सांगावं लागलं नाही. मग तिनं विचारलं, “गिलावा का नाही काढलात?”

काका मला सांगत होते की या प्रश्नाची त्यांनी तयारीच केली नव्हती. खरं उत्तर एकच होतं आणि ते देणं म्हणजे मेलेल्या बाईच्या पदरात तिचंच मरण टाकणं. तुझ्या आईनं अडवलं म्हणून. हे आपण बोललो तर ही मुलगी जन्मभर काय करील? काकांनी खोटं सांगितलं. म्हणाले, “ऊन होतं. कंटाळा केला.”



“काका,” ती म्हणाली, “त्या आठवड्यात आई गणवेश शिवत होती. गणवेश असले की ती मला घरात केरसुद्धा काढू द्यायची नाही. धुळीवरून तिनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. तुम्ही छिन्नी काढली असती आणि ती गप्प बसली असती, असं मला सांगू नका.”

मुलीच्या बोलण्यात राग नव्हता, असं ते म्हणतात. ती उठली, अहवालाची प्रत घडी करून पिशवीत ठेवली, दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, “पण गणवेश तर मंगळवारीच पोचले होते. मीच पोचवून आले होते. बुधवारी भाऊ येणार, असं आई म्हणाली होती. मग बुधवारी का नाही आलात?”

ती उत्तराला थांबली. खरंच थांबली; दाराच्या चौकटीला हात लावून. काका म्हणाले, मला आठवत नाही. त्यांना वाटलं, या एका वाक्यावर तरी तिचा विश्वास बसायला हवा होता, कारण ते खरं होतं. पण खोट्याच्या पाठोपाठ आलेलं खरं कोण मानतो? ती निघून गेली. नंतर कधी आली नाही. आईचं शिवणयंत्र तिनं चांभाराच्या सुनेला दिलं, एवढं काकांना गल्लीतून कळलं.

मी या माणसाला ओळखायला लागलो तो यानंतरचा. गिलावा खरवडल्याशिवाय काच लावू नका, हे ते नव्या मुलांना दर सकाळी सांगायचे, त्यांना पाठ झालं होतं तरी सांगायचे. नोंदवहीचा कुठलाही रकाना कार्यालयात बसून भरायचा नाही, हा नियम त्यांनी आमच्यावर लादला आणि आम्ही उन्हात उभं राहून कुरकुरत लिहायचो. ‘तात्काळ’ हा शब्द ते आता जपून ठेवत नव्हते. थोडी शंका आली की लिहायचे. समिती वैतागायची. काचवाले काका सगळं गाव टेकूवर उभं करणार, असं एक सदस्य म्हणाले होते. काकांनी ते ऐकलं आणि हातातला अहवाल तसाच पुढे सरकवला.

पण त्यांचा खरा उद्योग वेगळाच होता. ते तो बुधवार शोधत होते.

हजेरीपुस्तकात त्या दिवशी त्यांची सकाळची सही आहे, संध्याकाळचीही आहे. गाडीच्या नोंदवहीत गाडी बाहेर गेल्याची नोंद नाही. आवक-जावक रजिस्टरात त्यांच्या नावावर एकही कागद नाही. त्यांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, डबा नेला होता, रिकामा परत आला होता, बुधवारी तुम्ही डब्यात काही ठेवता का कधी? त्यांनी खोलीतल्या दोघांना विचारलं, शिपायाला विचारलं, टपाल आणणाऱ्याला विचारलं. त्या दिवशी आग लागली नव्हती, पाऊस नव्हता, कुणी साहेब आला नव्हता, कुणाचा निरोप समारंभ नव्हता. काही घडलं असतं तर कुणाला तरी आठवलं असतं. काही घडलंच नव्हतं म्हणून तो दिवस कुणाकडेच शिल्लक नव्हता.

एकदा मी धीर करून म्हटलं की काका, विसरला असाल. माणूस विसरतो.

ते म्हणाले, विसरलो असेन तर ते मला आठवायला नको का? विसरलो, की कंटाळलो, की गप्पा मारत बसलो, की आज नको उद्या जाऊ म्हटलं? चारही वेगळ्या गोष्टी आहेत. तिला कुठली सांगू?

काका निवृत्त झाले त्याला आता दीड वर्ष होईल. मी सध्या जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवतो आहे, पानामागून पान. हे कळल्यापासून ते दर पंधरवड्याला कार्यालयात येतात. जिना चढून दम लागतो, तरी वर येतात. मी खुर्ची देतो, ते बसत नाहीत. माझ्या मागे उभे राहून पडद्याकडे बघत राहतात. मागच्या खेपेला त्या महिन्याची पानं चढवून झाली होती. मी त्यांना तो दिवस काढून दाखवला. तीन रजिस्टरं, तिन्ही एकाखाली एक. दोन सह्या, बाकी पडदा पांढरा.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पडद्यावर दोन सह्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पावणेसहा,” ते म्हणाले. “गल्ली इथून चालत सात मिनिटांवर आहे. मी काय करत होतो रे?”